गव्याचे डोळे शेवटी

दारावर खडूनं स्पष्ट लिहिलं होतं: 'पालकांनी आत बसू नये. बसल्यास चित्र काढावं लागेल.'

मी वाचलं. आणि चप्पल काढून आत जाऊन बसले.

आता सात वर्षांच्या मुलीला अनोळखी वर्गात सोडून कुठली आई बाहेर थांबेल? जिना अरुंद, पंखा जरा जास्तच हलणारा, आणि पेन्सिली तासायला चक्क ब्लेड! क्रांती मात्र पुढच्या रांगेत मांडी ठोकून बसलीसुद्धा. मी मागच्या भिंतीला टेकले. मांडीवर पाण्याची बाटली, नॅपकिन, डबा.

"पावणं," समोरून आवाज आला, "दारावरचं वाचलं न्हाय वाटतं?"

विश्वजित सर. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागं पेन्सिल आणि हनुवटीवर कोळशाचा डाग... तो पुसावासा वाटला. केवळ आईच्या सवयीनं, असं मी स्वतःला सांगितलं.

"वाचलं की. पण मी नुसती बघणार आहे."

"नुसती बघणारी माणसंच लई धोक्याची," म्हणत त्यांनी माझ्या डब्यावर कोरा कागद ठेवला. "आज गवा. दाजीपूरच्या जंगलातला."

पोरांनी एकच गलका केला.

"भ्यायचं न्हाय! गवा म्हंजे काय? एक मोठी भाकरी, तिच्याफुडं एक बारकी भाकरी. मोठीवर वशिंड चढवा. बारकीवर शिंगं, उताण्या चंद्रकोरीसारखी. आणि पायांत पांढरे मोजे."

"गवा शाळेत जातो?" क्रांतीनं विचारलं.

"जातो की. बूट तेवढे विसरतो."

सगळे हसले. मीही हसले... आणि कितीतरी दिवसांनी हसताना दाराकडं बघायचं विसरले.

पण माझं चित्र! मी डोळ्यांपासूनच सुरुवात केली होती. दोन मोठे, टक्क उघडे डोळे. सर वाकून बघत राहिले.

"हा गवा मला विचारतोय, स्वेटर कुठाय तुझा?"

"सर, ही तर आईच हाय!" क्रांती ओरडली.

त्यांनी हळूच खोडरबर फिरवला. "डोळे शेवटी काढायचे. आमच्या घरात गणपती करतात, कुंभार गल्लीत. सगळा रंग वाळला की मगच डोळे. आधी उघडले तर मूर्ती आपल्याकडं बघत बसती, अन् हात भितो."

क्रांती पाळण्यात असताना तिचे बाबा मोटरसायकलवरून कामाला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून माझे डोळे मिटलेच नव्हते, म्हणा ना.

तरी पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. एकदा बघते तर दारावरच्या सूचनेखाली बारीक अक्षरात भर पडलेली: 'एक पालक सोडून.'

"हा कोण एक पालक?" मी विचारलं.

"चित्र पुरं करत न्हाईत त्या."

मग एका संध्याकाळी सर अख्खा वर्ग घेऊन गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेले. तिथं म्हशी रांगेनं उभ्या असतात आणि समोर पिळून फेसाळ दूध हातात देतात. "गवा घावंपर्यंत म्हैस चालवून घ्या," असं त्यांनी पोरांना सांगितलं. पोरं काढायला बसली. मी क्रांतीच्या मागं, एक डोळा म्हशीच्या शिंगांवर. सर शेजारी, हातात दुधाचा पेला.

म्हशीनं माशी हाकलायला मान झटकली — एवढंच. मी किंचाळले. एका हातानं क्रांतीला मागं ओढलं. आणि दुसऱ्या हातानं... दुसऱ्या हातानं सरांना!

पोरं खी खी करायला लागली.

"सोडायची घाई न्हाय," सर हळूच म्हणाले, "पण दूध आपल्या दोघांवर सांडतंय."

"मला वाटलं, म्हैस..."

"व्हय की. लई भयंकर. लक्ष्मी नाव हाय तिचं."

मी हात सोडला. कान तापले होते. त्यांनी माझ्यासाठी दुसरा पेला आणला आणि फेसाकडं बघतच म्हणाले, "वर्षाराणी, आमच्या घरात जागा हाय. एका मोठ्या भाकरीला... आणि एका बारकीला."

"मागणी घालताय की स्वयंपाक सांगताय?"

"स्वयंपाक मी करीन. तुम्ही नुसतं उत्तर द्या."

पण उंबऱ्याबाहेर गेलेला माणूस परत येतोच, असं कुठं लिहिलंय? मी एवढंच पुटपुटले, "डोळे शेवटी..."

ते हसले. "मग गव्याला डोळे काढाल तवा कळवा."

तो गवा आमच्या फ्रिजवर चिकटून राहिला. वशिंड, शिंगं, मोजे, सगळं झालेलं. डोळ्यांची जागा तेवढी कोरी. येता-जाता सासूबाई बघायच्या. शेवटी त्याच बोलल्या, "किती दिस आंधळं ठेवणार त्या जनावराला? माझा ल्योक गेला, म्हणून तूबी जगायचं थांबवायचं व्हय गं?"

क्रांतीनं पेन्सिल आणून दिली. टोक काढलेली. ब्लेडनं!

आज सकाळी सर दाजीपूरला गेले, खरा गवा बघून चित्रं काढायला. मी स्टँडवर डबा दिला, स्वेटर दिला, बॅटरी दिली, मलमपट्टीही दिली.

"गव्याला भेटायला चाललोय, लढाईला न्हाय," ते म्हणाले.

"लांबून बघा त्याला."

"तुमच्यासारखं?"

एसटी सुटली... आणि घरी येऊन, हात भ्यायच्या आधीच, मी डोळे काढले. टक्क उघडे नाहीत — जरासे मिटलेले, हसरे. मग हनुवटीवर कोळशाचा एक डागही दिला. क्रांती म्हणाली, "आई, हा गवा वळखीचा हाय की!"

तेव्हापासून फोन लावतेय. रेंज नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर कुठं झाडाखाली कागद पसरून बसलेला, कानामागं पेन्सिल लावलेला माणूस दिसतो का, एवढं बघा हो. स्वेटर घातलाय का बघा, डबा खाल्ला का विचारा. आणि मग सांगा... कोल्हापुरातल्या गव्याला डोळे काढून झालेत. तो दाराकडं बघत बसलाय.