झुंजीचा नारळ

बदलापूरच्या बाजारात, झुळूक चहाच्या एजन्सीसमोर मी गोणी घेऊन उभी होते, आणि नेमका एक तरुण झुळूकचाच नारिंगी टी-शर्ट घालून समोर आला. मग काय, माझं तोंड सुटलं.

"तुमची कंपनी जांभूळला बैलांची झुंज भरवतेय. बॅनरवर 'पशुमेळावा' लिहिलं म्हणून आम्हाला कळणार नाही? तासलेल्या शिंगांचे बैल एकमेकांवर सोडायचे, रक्त निघालं की टाळ्या... आणि वर तुमचं नाव! ते निघेपर्यंत आमच्या घरात झुळूक नाही. या गोणीत रिकामी पाकिटं आहेत, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन नंबर. गुरुवारी तुमच्या अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात आणून देणार."

तो ऐकत होता. हात मागे, मान जराशी कलती. डोळे इतके शांत, की मला अजूनच राग आला.

"झालं?"

"नाही."

"मग बोला. मला घाई नाय."

माझी मैत्रीण मनाली शेजारी उभी होती, ती फिसकन हसली.

"मी कंपनीचा नाय," तो म्हणाला. "हा टी-शर्ट बैलवाल्यांना फुकट वाटला. मी दिपेश, जांभूळचा. रविवारी जो झुंजणार आहे ना... लक्ष्या... तो आमचाच."

माझे कान तापले. "मग थांबवा ना!"

"हरिचंद्रकाकांनी पंचांसमोर नारळ घेतलाय. समोरच्याने नारळ पुढे केला आणि आपण घेतला, की झुंज ठरली. मागे फिरलं तर गावात मान खाली. काका लक्ष्याला स्वतःच्या हाताने अंडी भरवतात, पण नारळ परत करणार नाहीत. मागच्या झुंजीत त्याचा एक डोळा गेला. या वेळी... मेळावाच रद्द झाला, तरच वाचेल. म्हणून तुम्हाला शोधत आलो."

"मला?"

"पाकिटं गोळा करा सांगणारा तुमचा व्हिडिओ मोबाईलवर बघितला. तीन वेळा."

"एवढा कठीण होता समजायला?"

"नाय. समजला एकदाच."

त्या दिवसापासून रोज फोन. आधी पाकिटांविषयी, मग लक्ष्याविषयी, मग कशाहीविषयी. बुधवारी तो हसू दाबत म्हणाला, "राजसी, तुळशीकाकूला सांगितलंय सगळं. गावात हळद होती, तिथे तिने बायका फोडल्या. काकांना पत्ता नाय." तो पहिल्यांदाच मला नावाने हाक मारत होता, आणि मी बायका फोडल्याचं नीट ऐकलंच नाही.

गुरुवारी कंपनीच्या गेटवर देवदत्त नावाचे अधिकारी बाहेर आले. गोणीत हात घालून त्यांनी चार पाकिटं वाचली. "बदलापूर, उल्हासनगर... ही सगळी शहरातली नावं, मॅडम. गावाला झुंज हवीय. आम्ही गावासाठी करतो."

इतक्यात दिपेशची बाईक आली. अंगात तोच टी-शर्ट, पण उलटा घातलेला. मागे दोरीने बांधलेली गोणी. त्याने ती सोडली आणि वरचं पाकीट देवदत्तांच्या हातात दिलं. जांभूळच्या बायकांनी चहा डब्यांत ओतून पाकिटं पाठवली होती, आणि सगळ्यांत वर नाव होतं तुळशी हरिचंद्र भोईर.

"हरिचंद्रांच्या घरातून?" देवदत्त चपापले.

भोवती सगळ्यांचे मोबाईल सुरू होते. संध्याकाळपर्यंत हे काकांना दिसणार, हे दिपेशला ठाऊक होतं. तरी तो बोलला, "मी त्यांचा पुतण्या. लक्ष्या आमचा. आम्हाला तुमची झुंज नको, आणि तुमचा चहा पण नको."

तासाभराने लेखी पत्र आलं. कंपनीने नाव मागे घेतलं होतं. मनाली नाचत होती, मीही नाचले असते; पण दिपेशचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता.

"काका काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे," तो म्हणाला. "तू सोडू नको."

कंपनी गेली तसा मांडवही गेला, बक्षिसाची मोटारसायकलही गेली, आणि आयोजकांनी मेळावा रद्द केला. रविवारी काकांनी मला जांभूळला बोलावलं. तीन दिवस ते गोठ्यातच जेवत होते, म्हणे. मी अंगणात गेले. काका लक्ष्याला तेल लावत होते.

"ही काय रं ती पाकिटवाली?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग त्यांचा हात लक्ष्याच्या मिटलेल्या डोळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. "पलाले ते आयोजक. आपण नाय फिरलो मागं... ये गो पोरी, बस."

तुळशीकाकूने गवती चहाचा काढा आणला. साधा चहा या घरात आता बंद होता.

तेवढ्यात दिपेश देवघरातून नारळ घेऊन आला. "तोच. समोरचे म्हणाले, ठेवा तुमच्याकडेच." त्याने तो माझ्यापुढे धरला. "राजसी... तू मला आवडतेस. नीट विचार कर. आमच्यात नारळ घेतला, की मागे फिरत नाहीत."

काकांचा तेलाचा हात थांबला. काकू दारातच उभी राहिली. लक्ष्या मात्र रवंथ करत होता.

"व्हिडिओ तीन वेळा बघतोस," मी म्हणाले, "आणि हे एकदाच सांगणार?"

तो लाजला. पण सगळ्यांसमोर त्याने ते पुन्हा सांगितलं, आणि मग अजून एकदा.

मी दोन्ही हातांनी नारळ घेतला.