चौदाव्या वाघिणीचा धूर

"मागे घे! तो फोटो परत दाखव!" दुर्बीण इतक्या जोराने ओरडली की ढब्बूच्या हातून कॅमेरा निसटता निसटता वाचला.

रेल्वेच्या पादचारी पुलाच्या कठड्याला टेकून तिघेजण सुट्टीतला आपला गाड्यांच्या फोटोंचा संग्रह तपासत होते. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे जिचे नाव दुर्बीण पडले ती, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि प्रत्येक गोष्टीत शंका काढणारा मावसभाऊ शंकासुर! इतर छांदिष्ट केवळ इंजिनाचे छायाचित्र घेऊन समाधान पावत. परंतु या तिघांचा नियम निराळा होता. मालगाडीचा शेवटचा डबा, म्हणजे शेवटची वाघीण, नजरेआड होईपर्यंत प्रत्येक वाघिणीचा फोटो काढायचाच!

आज मात्र दुर्बिणीचे मन थाऱ्यावर नव्हते. खाली उभ्या असलेल्या त्या जुन्या डिझेल इंजिनाची आज अखेरची परीक्षा होती. सलग तीन दिवस ते चढावर अडकले होते. आज पुन्हा अडकले, तर रवानगी थेट भंगारात! आणि वीस वर्षे ते चालवणारा मामा, ज्याने तिला हा कॅमेरा दिला, तो काल भरल्या ताटावरून उठला होता. "म्हातारी थकलेली नाही गं," एवढेच तो इंजिनाबद्दल म्हणाला, "पण माझं ऐकतो कोण?"

"हे पाहा! चौदाव्या वाघिणीच्या चाकांपाशी धूर!"

"इंजिनाचाच असेल की," शंकासुर म्हणाला.

"इंजिनाचा धूर वर जातो, शहाण्या! हा खाली आहे. तिन्ही दिवसांच्या फोटोंत आहे आणि वाघिणीचा क्रमांकही तोच!"

ढब्बूने फोटो मोठा करून पाहिला. "म्हणजे तिचा हातब्रेक कोणी सोडलाच नाही?"

"अगदी बरोबर! बिचारी म्हातारी तीन दिवस ब्रेक आवळलेला डबा फरफटत नेते आहे!"

गाडी सुटण्यास अवघी दहा मिनिटे उरली होती! तिघे जिना उतरून मालधक्क्यावर धावले. तेथे संध्याकाळच्या पाळीचा मुकादम मिशा विंचरत बसला होता आणि सकाळच्या पाळीचा मुकादम घरी जाण्यासाठी जेवणाचा रिकामा डबा पिशवीत भरत होता.

"काका, चौदाव्या वाघिणीचा हातब्रेक सोडलाय का?"

"तो सकाळची पाळी सोडते," मिशीवाला म्हणाला.

"आम्ही कशाला? जो आवळतो त्यानेच सोडायचा!" दुसरा म्हणाला.

"पण सोडला असणारच!" दोघे एकदम म्हणाले. "पळा! मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका!"

ढब्बूचा चेहरा पडला. दुर्बिणीने मात्र क्षणभर त्या मिशांकडे पाहिले, आणि तिचे डोळे लुकलुकले.

"काका, तुमचा एक फोटो काढू? अशा मिशा आमच्या संग्रहात नाहीत!"

"माझा?" मुकादम ताडकन उठला. "कुठे उभा राहू?"

"त्या चौदाव्या वाघिणीवर चढा. तिथे उजेड छान आहे! हं, आता त्या ब्रेकच्या चाकावर हात ठेवा. वा! आता जरा फिरवा, म्हणजे रुबाब येईल!"

मुकादमाने छाती फुगवून चाक फिरवले. कर्रर्र... खट्! ताणलेली साखळी खळकन सैल पडली. चाक फिरतच राहिले, आणि मुकादमाच्या मिशा हळूहळू खाली आल्या.

"आयला! हा तर आवळलेलाच होता!"

क्लिक! ढब्बूने नेमका तोच क्षण टिपला.

इतक्यात शिट्टी झाली. तिघे पुन्हा पुलावर पोहोचले तेव्हा गाडी चढाला लागली होती. दुर्बिणीने कठडा घट्ट धरला. इंजिन घुमले, थरथरले, त्याने काळा लोट सोडला... आणि पाहता पाहता सारा चढ पार केला! माथ्यावरून भोंगा तीनदा दुमदुमला. तिघांनी आनंदाने नुसत्या उड्या मारल्या!

इंजिन परतल्यावर त्याची परीक्षा घेणाऱ्या तपासणी साहेबांनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरून ते फोटो पुन्हा पुन्हा न्याहाळले. "आम्ही सगळे इंजिनाकडेच पाहत होतो," ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही पूर्ण गाडी पाहिलीत. शाबास, मुलांनो! हे इंजिन भंगारात जाणार नाही." नंतर ते दोन्ही मुकादमांकडे वळले, आणि दोघांनीही माना खाली घातल्या.

मामाने तेलकट हात पुसला आणि भाचीच्या डोक्यावर ठेवला.

"अगं, पण आज शेवटच्या वाघिणीपर्यंत फोटो काढले कुणी?" शंकासुराने एकाएकी विचारले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. उड्या मारण्याच्या भरात गाडीचा एकही फोटो काढलेला नव्हता!

"उद्या काढा की!" मामा खदखदून हसला. "उद्याही म्हातारीच येणार आहे!"