चुन्याचं बोट

बसा, सांगतो. राग अजून गेलेला नाही, तेव्हा आवाज चढला तर मनावर घेऊ नका.

शहाऐंशी सालची गोष्ट. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन मी छावणी भागात राहत होतो आणि लोकांच्या इमारतींच्या गॅलऱ्या, कठडे तपासून दाखले देत होतो. हर्सूलकडच्या एका तीन मजली सोसायटीचे चेअरमन नानासाहेब मला न्यायला स्वतः आले. परवा त्यांच्या मुलीच्या लग्नाची वरात इमारतीसमोरून निघणार होती. दोन महिन्यांपूर्वी तिथल्या गॅलरीतून एक म्हातारी पडून गेलेली, त्यामुळे लोक गॅलरीत उभे राहायला बिचकत होते. कठडे मजबूत असल्याचा कागद त्यांना आजच हवा होता.

दुपारचे तीन वाजले होते. कठड्यांना नुकताच हिरवा ऑइलपेंट मारलेला, त्याचा वास जिन्यातही कोंडला होता. मी एकेका गजावर हातोडी मारत निघालो. चांगला गज ठणठणतो. बुडाशी गंजलेला बद्द वाजतो, वरून कितीही रंग फासा. खालचे दोन मजले ठीक निघाले.

तिसऱ्या मजल्यावर रंगाच्या वासात दुसराच वास मिसळला. तंबाखूचा, ओल्या चुन्याचा. एका गजावर कुणीतरी चुन्याचं बोट पुसलं होतं. पान खाणारी माणसं उरलेला चुना दिसेल तिथं पुसतात, तसं. मी तिथं हातोडी मारली. बद्द. पुढचे चार गज ठणठणले. पाचव्यावर पुन्हा चुना, पुन्हा बद्द.

अशी नऊ बोटं होती आणि नऊच गज सडलेले. हात लावून पाहिला. चुना ओला होता.

"हे कुणी लावलं?"

दारात उभी असलेली आशाबाई, त्या घरची सून, हळूच म्हणाली, "आमच्या आत्याबाईची खोड हाय ती. गज हालतेत म्हणून लई बार सांगितलं त्यांनी. कुणी ऐकंना. मग चुना लावून ठिवायच्या, पोरांनी तिथं टेकू नाय म्हणून."

"कुठं आहेत त्या?"

तिनं कोपऱ्याकडं पाहिलं. तिथले दोन गज नवे होते. "त्याच तर, साहेब... पडलेल्या."

"चक्कर आली व्हती तिला," नानासाहेब घाईनं म्हणाले. मग आवाज खाली आला. "तीनदा पुसलं. वरून रंग दिला. सकाळी बघावं तर... वलंच."

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. म्हातारी जिवंत होती तोवर तिचं ऐकलं नाही, मेल्यावर तिलाच चक्कर चिकटवली आणि आता तिच्या खुणांवर हिरवा रंग फासत होते. मी हे सगळं नानासाहेबांच्या तोंडावर बोललो. त्यांनी मला खाली नेलं, चहा पाजला.

"उद्या सकाळीच वेल्डर लावतो. घरचं कार्य हाय साहेब, सांभाळून घ्या."

आणि मी सही केली. एवढं बोलून झाल्यावर, चहा संपायच्या आत सही केली. जो राग अजून गेला नाही म्हणालो ना, तो माझ्यावरचा.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. उमा, माझी बायको, रोजच्यासारखी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला टेकून माझी वाट पाहत होती. मला पाहून तिनं हात हलवला. तिच्या पोटाशी, मधल्या गजावर, काहीतरी पांढरं दिसलं.

आमच्या घरात कुणी पान खात नाही. आणि गावभर हातोडी वाजवत फिरणाऱ्या मी स्वतःचा कठडा कधी वाजवून पाहिला नव्हता.

"उमा... मागं हो. काही विचारू नकोस... मागं हो."

ती मागं झाली. मी धावत जिना चढलो आणि त्या गजाला नुसता हात लावला. तो बुडातून सुटून हातात आला.

तसाच स्कूटर काढून परत हर्सूल गाठलं. नानासाहेबांच्या हातातला कागद ओढून त्यांच्यासमोर फाडला. दोन दिवसांनी वरात निघाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर एकही माणूस नव्हतं. जिन्यात वाट अडवून मी बसलो होतो.

त्याला आता अकरा वर्षं झाली. आमच्या कठड्याचा तो गज त्या कोपऱ्यात उभा आहे, पाहा. हातात घ्यायचा तर खालून धरा. वरचा चुना मी आज सकाळीच पुसलाय, पण बोटाला लागेल.