बोट लागलं होतं

चेंडू दोन उंच खांबांच्या मधून गेला आणि कुंपणाला टेकलेले लोक ‘गोऽल!’ म्हणून ओरडले. पण खांबापाशी पांढऱ्या टोपीत उभ्या असलेल्या गोल-पंच टॅम्सिननं एकच बोट वर केलं, एकच झेंडा हलवला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या गोलचे सहा नाहीत. एक गुण.

रूबेन नोस्के चिखल उडवत धावत आला.

“पंचबाई, मधून गेला ना सरळ!”

“गेला. पण त्याआधी बोट लागलं होतं.”

“कुठलं बोट?”

“करंगळी.”

रूबेननं मागे वळून पाहिलं. त्याला अडवणाऱ्या गड्यानं हसत हसत करंगळी वर केली...

सामना संपला तेव्हा मेलबर्नवर जुलैच्या थंडीतली भुरभुर चालली होती. खिमा भरलेल्या गरम पेस्ट्रीच्या टपरीवर टॅम्सिनच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

“एरवी काय करता, पंचबाई?”

“चष्म्याच्या दुकानात असते.”

“बोंबला! म्हणजे तुमच्या नजरेबद्दल बोलायची सोयच नाही.”

ती हसली, आणि सॉस कोटावर सांडला. रूबेननं रुमाल पुढे केला. चिखलानं भरलेला! दोघंही त्या रुमालाकडे बघत राहिले.

तो दूरच्या मॅली भागातल्या गव्हाच्या शेतावरचा. मोठ्या क्लबनं वर्षभराच्या करारावर घेतलेला, पण अजून दुय्यम संघातच खेळणारा. “हंगाम संपेपर्यंत वरच्या संघात नाव लागलं नाही, तर परत बाबांच्या ट्रॅक्टरवर,” तो सहज म्हणाला. सहज म्हणाला खरा, पण हातातली पेस्ट्री खायचा थांबला होता.

पुढे सरावानंतर ती वाट वाकडी करून मैदानावर येऊ लागली. तो गोलवर चेंडू मारी आणि ती खांबांमागून परत फेकी. कधी चेंडू हातात देताना बोटं जरा जास्तच रेंगाळत... पण कुणी काही बोलत नसे.

टॅम्सिनच्या गप्प राहण्याला कारण होतं. एखादा खेळाडू जवळचा झाला, की पंचानं ते वर कळवायचं आणि त्याच्या क्लबच्या सामन्यांना पुन्हा उभं राहायचं नाही, असा नियम होता. रूबेनचा संघ फायनलला जाणार हे दिसतच होतं. त्या फायनलला टॅम्सिनचं नाव जवळजवळ ठरलेलं होतं, आणि तिथूनच मोठ्या मैदानांची वाट सुरू होत होती. किती हिवाळे ती त्यासाठी खांबापाशी कुडकुडत उभी राहिली होती!

मग ऑगस्टमधल्या एका सामन्यात रूबेननं लांबून चेंडू मारला. तो खांबाला पुसटसा घासून गेला, म्हणजे एकच गुण. टॅम्सिननं एकच झेंडा हलवला. निर्णय बरोबर होता. पण चेंडू हवेत असताना तिला वाटून गेलं होतं... जाऊ दे मधून.

संध्याकाळी ती पंचांच्या प्रमुखांकडे, क्लाइव्हकडे गेली.

“मला रूबेन नोस्केच्या सामन्यांना लावू नका.”

“का? भांडण झालं?”

“उलट.”

क्लाइव्हनं चहाचा मग खाली ठेवला. “अरे वा! त्याला ठाऊक आहे का?”

“अजून नाही. आधी तुम्हाला सांगायचा नियम आहे ना?”

“टॅम्सिन, पोरी, असा नियम पाळणारी तू पहिलीच! फायनल जाईल हं हातची.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. डोळे भरून आले, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

पुढच्या शनिवारी खांबापाशी दुसराच पंच होता. रूबेनचं लक्ष लागेना. शेवटच्या डावाआधीच्या सुट्टीत लोक नेहमीसारखे मैदानात उतरले, प्रशिक्षकाचं बोलणं ऐकायला. त्यांच्यात लाल कोटातली टॅम्सिन दिसली, तसा तो घोळक्यातून निसटला.

“काढलं तुला?”

“मीच निघाले. पंचाचं एखाद्या खेळाडूशी... काही असलं, तर उभं राहता येत नाही.”

“काही म्हणजे?”

“ते तू सांगायचंस. मी क्लाइव्हला सांगून बसले आहे. आता नाही म्हणालास तर माझी पंचाईत!”

तो कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे क्लाइव्हला माझ्या आधी कळलं?”

“रूबेन...”

“हो म्हणतोय गं! कधीचा हो म्हणतोय, फक्त तोंड उघडत नव्हतं. पण मला घरी पाठवलं तर?”

“मॅलीत चष्मे लागत नाहीत का कुणाला?”

“नोस्के!” प्रशिक्षक गरजला. “प्रेम जुळवून झालं असेल तर या इकडे!”

आजूबाजूचे लोक खो खो हसले. तो पळाला, आणि पळता पळता त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं.

शेवटच्या डावात चेंडू त्याच्याकडे आला. त्यानं जीव खाऊन मारला. चेंडू खांबांच्या कितीतरी बाहेरून, थेट कुंपणाबाहेर उभ्या गाड्यांमध्ये जाऊन पडला. लोक हळहळले. पंचाला कुणाच्याच बाजूनं ओरडता येत नाही. टॅम्सिन मात्र आज पंच नव्हती. ती कुंपणावर चढून, घसा बसेपर्यंत त्याच्या नावानं ओरडत होती.