साडेबाराला तुटणारी तार

"पाय जरा उचलता का… माझा हात आहे खाली."

उत्पला सुरवाडे अशी दचकली की जेवणाचा डबा हातातून सुटून टेबलावर आपटला. सोमवारची सकाळ, संगणक केंद्रात चिटपाखरू नाही असं समजून ती आपल्या जागेवर येऊन बसली होती, आणि आता टेबलाखालून माणूस बोलत होता. तिनं पाय वर घेतले. आधी स्क्रूड्रायव्हर बाहेर आला, मग धुळीनं पांढरं झालेलं डोकं, मग चष्मा.

"भटू बैसाणे. धुळ्याहून आलोय. तार टाकायला."

"टेबलाखाली?"

"तार नेहमी खालूनच जाते, मॅडम. मग तिच्यामागं आम्हालाही खाली जावं लागतं… आपलं नाव?"

"सुरवाडे. उत्पला."

"मग जयभीम," तो म्हणाला आणि चेंगरलेला हात झटकत हसला. तिनंही जयभीम केला, आणि काही कारण नसताना ओढणी सारखी केली.

ही शहाण्णव सालची गोष्ट. जळगावचा उन्हाळा ज्यानं सोसलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं सोसलेला नाही त्याला सांगून कळायचा नाही. टेकडीवरचं विद्यापीठ सुट्टीमुळे ओस पडलं होतं. अकरा वाजले की गरम वारा लांबच लांब व्हरांड्यातून एकटाच फिरायचा आणि बंद दारांच्या कड्या वाजवायचा.

करंगळीएवढी जाड काळी तार उत्पलाच्या खोलीतून निघून, ग्रंथालयावरून, व्हरांड्याच्या पार शेवटच्या भूगोलाच्या खोलीपर्यंत जायची होती. दोन्ही टोकांना एकेक छोटी धातूची टोपी.

"टोपी कशाला?" तिनं विचारलं.

"टोक उघडं राहिलं तर आपण पाठवलेलं तिथं आदळून परत येतं. मग सगळा गोंधळ. कुणाचं कुणाला पोचत नाही."

"म्हणजे टोप्या घालण्याचाच धंदा म्हणा ना तुमचा."

तो इतका हसला की दातात धरलेला स्क्रू खाली पडला. मग त्यानं तिचा संगणक उघडला, आत कार्ड बसवलं, तार जोडली, यंत्राला एक नंबर दिला आणि तिला म्हणाला, "आता तुमचं नाव टाका." तिनं टाकलं. पडद्यानं क्षणभर विचार केला आणि तिला आत घेतलं.

"आलात लाइनवर," तो म्हणाला. "आता मी त्या टोकाहून बोलतो."

मधले ग्रंथालयाचे संगणक सुट्टीमुळे बंदच. तारेवर माणसं दोनच, ती आणि तो. एकानं निरोप पाठवला की दुसऱ्याच्या पडद्याच्या तळाशी ओळ उमटायची, आधी पाठवणाऱ्याचं नाव आणि पुढं निरोप. 'दिसतंय का?' 'दिसतंय.' 'वाचता येतंय का?' 'शाळेत गेले आहे मी.' असं दोन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, साडेबाराला, तळाशी रोमन अक्षरांत एक ओळ आली. जेवना का?

पुढं-मागं नाव नाही. नुसते दोन शब्द, अहिराणीतले, 'जेवलास का?' असं विचारणारे. पोरीला 'जेवना' म्हणतोय वेडा, म्हणून ती एकटीच हसली आणि तिनं उलट लिहिलं, 'हो. तुम्ही?' त्याच क्षणी त्याचाही निरोप येऊन पडला, 'हो. तुम्ही?' वाटेत दोघांची चुकामूक झाली असावी.

संध्याकाळी ती म्हणाली, "नाव न लिहिता विचारता. हुशार आहात."

"हुशार तर तुम्ही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग ते रोजचंच झालं. साडेबारा म्हणजे साडेबारा. उत्पला बारापासूनच पडद्याकडे बघत बसायला लागली. डबा समोर असायचा, पण कुणी विचारल्याशिवाय तो उघडावासा वाटायचा नाही. तिला प्रेम झालं, आणि ते त्या दोन शब्दांनीच झालं, हे उगाच लपवण्यात अर्थ नाही.

पण कामाची एक अट होती. लाइन सलग आठ दिवस न तुटता चालली की केंद्राचे साहेब कागदावर सही करणार आणि भटू बैसाणे धुळ्याला परत जाणार. तिथून पुढं सुरतेला, मोठ्या कामावर. सातवा दिवस उजाडला.

त्या दुपारी तो नळावर हात धुवायला गेला तेव्हा ती व्हरांडाभर चालत भूगोलाच्या खोलीत गेली. टोपीला पीळ दिला, काढली, आणि आपोआप गळून पडल्यासारखी फरशीवर ठेवली. तार तुटली, दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. भटू म्हणाला, "अशी आपोआप निघत नाही ही कधी." तिनं मान खाली घातली.

सहा दिवसांनी तार पुन्हा तुटली. साडेबाराला. टोपी फरशीवर, अगदी त्याच जागी.

आणि या वेळी उत्पला खुर्चीवरून उठलीसुद्धा नव्हती.

तिचे बाबा भुसावळला रेल्वेत. जळगावातल्याच मेहरूणच्या त्यांच्या घरात भूतखेत हा शब्दही चालायचा नाही. तरी तिनं पहारेकरी नथ्थूआबांना गाठलं. म्हातारा लिंबाखाली विडी ओढत होता.

"आबा, भूगोलाकडं दुपारी कोण जातं?"

"जाऊ दे पोरी."

"सांगा ना."

"आधी तठे खदान व्हती," आबा खालच्या आवाजात म्हणाले. "सुका म्हनीसन एक गडी सुरुंग लावे. त्यानी बायको रुपली, सातपुडाकडली. रोज साडेबाराले भाकर लई ये. एक दिन सुरुंग फुटना, सुका मव्हरेच व्हता. रुपली उनी तव्हय बठ्ठी धूळ. भाकर तशीच ऱ्हायनी तिना हातमा." त्यांनी विडी विझवली. "आते बी येस ती. तुमी तार टाकी ना, तिले वाटस, ती तार सुकाकडे जास."

सुरुंगात गेलेल्या नवऱ्यासाठी अजून भाकरी घेऊन येणारी ती बाई उत्पलाला हसून सोडून देता आली नाही. त्यातच साहेबांनी भटूला सगळ्यांसमोर सुनावलं की आणखी एकदा लाइन गेली तर काम दुसऱ्याला, आणि सुरतेलाही कळवीन. चार दिवस जास्त मिळावेत म्हणून तिनं केलेला खोडसाळपणा आता भलत्याच कुणीतरी उचलला होता, आणि त्यात त्याचं नाव बुडणार होतं.

पुन्हा सातवा दिवस. बारा वाजून गेले. पडद्यावरची लाइन गेली… आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. कुणीतरी श्वास घेत असावं तशी. उत्पला उठली. हातात काहीतरी असावं म्हणून तिनं समोरचा डबाच उचलला आणि ती निघाली.

व्हरांड्यात तिच्या चपलांचा आवाज तिच्या मागून येत होता. ती थांबली की तोही थांबायचा, पण जरासा उशिरानं. ग्रंथालयाच्या काचांमधून कुणी बघत नव्हतं, तरी तिनं तिकडं पाहिलं नाही. भूगोलाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं. आत अंधार, आणि तारेच्या टोकाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं.

ते जे होतं ते तिला बघून किंचाळलं.

"मी आहे… मी. उत्पला," ती कशीबशी म्हणाली.

भटू भिंतीला टेकला. घामानं चिंब. "मला वाटलं… ती. दारात ऊन, हातात भाकरी… आबांनी मलाही सांगितलंय." त्याच्या उघड्या तळहातावर टोपी होती.

"तुम्ही?"

"मागच्या वेळी मीच. आजही काढतो, लावतो, काढतो, लावतो. साहेबांचं ऐकलं ना, म्हणून हिंमत होत नाही… आणि सही झाली की जायचं, म्हणून लावावीशी वाटत नाही." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "पहिल्यांदा ती आपोआप पडली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, काय सांगू."

"आपोआप नव्हती पडली," उत्पला म्हणाली. "ती मी काढली. तुम्ही जाऊ नये म्हणून."

मग तो हसला, आणि तिलाही रडता रडता हसू आलं.

"तुम्ही रोज विचारायला लागलात ना, तेव्हापासून—" ती म्हणाली.

"मी? रोज तुम्हीच तर विचारायचात. जेवना का म्हणून. मला वाटलं, माझ्यासाठी अहिराणी शिकलात."

"मी कधीच नाही विचारलं. मी फक्त उत्तर द्यायचे."

"मीसुद्धा," भटू म्हणाला.

टोपी त्याच्या हातात होती. तार उघडी होती, मेलेली. या टोकाचं त्या टोकाला काही पोचणं शक्य नव्हतं. तिच्या खोलीत कुणी नव्हतं. आणि त्या दोघांच्या डोळ्यांदेखत, भूगोलाच्या खोलीतल्या पडद्याच्या तळाशी, नाव नसलेली ओळ उमटली.

जेवना का?

उत्पलानं त्याचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, त्या तसल्या उन्हाळ्यात. पण भीतीच्या खाली तिला दुसरंच काहीतरी वाटत होतं. किती वर्षं विचारतेय ही बाई. आणि एवढ्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नाही.

भटूचा हात कळांकडे गेला. "काय लिहू?"

"थांबा. खोटं कसं लिहायचं?" ती म्हणाली आणि फरशीवर बसून तिनं डबा उघडला. कळण्याची भाकरी होती, ठेचा होता. दोघांनी ती भाकरी अर्धी अर्धी करून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग भटूनं हात पुसले आणि लिहिलं, 'जेवनू. आते तू बी जेवी ले.'

पडदा तसाच राहिला. थोड्या वेळानं त्यानं टोपी लावली आणि घट्ट पीळ दिला.

दोघं बाहेर आले तेव्हा नथ्थूआबा लिंबाखाली उभे राहून खदानीकडे बघत होते. "आज लवकर फिरी गई रुपली," ते स्वतःशीच म्हणाले, "भाकरनी टोपली खाली ठेईसन."

तार नंतर एकदाही तुटली नाही, आणि ती ओळही पुन्हा आली नाही. बाबांना यातलं काही सांगायची उत्पलाची छाती झाली नाही. त्या दुपारी लाइन गेल्याचं दोघांनी साहेबांना कळू दिलं नाही, आणि आठव्या दिवशी सही झाली. भटूनं पिशवी भरली, भूगोलाची खोली बंद करायला म्हणून गेला, आणि साडेबाराला तिच्या पडद्यावर ओळ आली. या वेळी निरोपाआधी नाव होतं.

'भटू: सुरतेला महिनाभरानं जायचंय. त्याआधी रविवारी आई-नानांना घेऊन मेहरूणला आलो तर चालेल का?'

उत्पलानं डोळे पुसले. एकेक अक्षर सावकाश दाबत तिनं लिहिलं, 'जेवायलाच या.'