वाचणाऱ्याची सही

छापखान्यात सगळे त्यांना प्रूफवाल्या बाई म्हणत, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. बावीस वर्षं औषधांची पत्रकं, शाळेची इंग्रजी पुस्तकं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका त्यांच्या लाल पेनाखालून गेल्या होत्या. इंग्रजी वाक्य मोठ्या अक्षराने सुरू झालं नाही, की कुणीतरी चिखलाचे पाय घेऊन घरात शिरल्यासारखं त्यांना वाटे. एकदा मालक गमतीने म्हणाले होते, "बाई, तुमच्या नजरेतून स्वल्पविराम निसटला तर मी छापखाना बंद करीन." बाईंनी शांतपणे सांगितलं, "मग तो चालूच राहील."

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. मुलगी चोवीस वर्षांची, लाडाचं नाव चिमणी. ती इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज करायची आणि सगळं लहान लिपीत, ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम.

"अगं, निदान शेवटी टिंब तरी दे," बाई कुरकुरत. "वाक्य संपलं की नाही, मला कसं कळायचं?"

"मेसेज आला म्हणजे संपलं," चिमणी म्हणायची. "आणि माझ्याकडून कधी टिंब आलंच ना आई, तर समज, फोन दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे."

यावर दोघी हसायच्या. घरात दोघीच होत्या, त्यामुळे भांडणही जपून पुरवून करावं लागे.

छापखान्याचा एक जुना नियम होता. मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची आणि प्रूफ दुसऱ्याने तपासायचं. वाचायचं काम मास्तरांचं. लाकडी पार्टिशनच्या पलीकडे त्यांचं टेबल, अलीकडे बाईंचं. यंत्रं सुरू झाली की मास्तरांचा आवाज त्यात बुडून जाई, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. मोठं अक्षर आलं की टेबलावर तळहाताची थाप. स्वल्पविरामाला पेन्सिलीचा एक ठोका, पूर्णविरामाला दोन. त्यांचं वाचन इतकं एका लयीत चाले, की दोन ठोक्यांमध्ये किती शब्द गेले ते बाई शब्द न ऐकताही सांगू शकत.

चार महिन्यांपूर्वी मास्तर गेले. दुपारी टेबलावर डोकं टेकलं ते टेकलंच. नवा माणूस काही आला नाही, पण नियम तसाच राहिला. प्रत्येक कामाच्या कार्डावर दोन चौकोन असत, 'वाचणारा' आणि 'तपासणारा'. दोन्हीकडे सही नसेल तर मशीनवाले काका यंत्राला हात लावत नसत. पहिले दोन दिवस कामं तुंबली. तिसऱ्या दिवशी बाईंनी पहिल्या चौकोनात मास्तरांची सही स्वतःच ठोकून दिली. बावीस वर्षं पाहिलेली सही, ती काय अवघड होती? शिवाय आपल्याला वाचणारा लागतोच कुठे, असंही त्यांच्या मनात होतंच. काकांनी सही पाहिली, बाईंकडे पाहिलं आणि यंत्र सुरू केलं.

महिनाभराने पलीकडून पहिली थाप ऐकू आली.

बाई घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. उठून पलीकडे गेल्या. टेबलावर धूळ होती, खुर्ची आत ढकललेली. पाइप असेल, लाकूड फुगलं असेल, म्हणत त्या परत आल्या. पण ठोके मजकुराबरोबर पडत होते. तिसऱ्या पानावर दोन ठोके पडले आणि त्यांच्या समोरच्या ओळीत पूर्णविरामच नव्हता. मूळ प्रतीत होता. बाईंनी लाल खूण केली. कान गरम झाले, पण खूण बरोबर होती.

मग सवयच झाली. माणसाला कशाचीही सवय होते. काम दुप्पट वेगाने होऊ लागलं, चूक एक नाही. मालकांनी पाठ थोपटली. बाई रोज मास्तरांची सही करत आणि मनातल्या मनात म्हणत, फुकट नाही करत मी, वाचताय तुम्ही.

एका सोमवारी टेबलावर एकही कागद नसताना ठोके सुरू झाले. हाताला चाळा म्हणून बाईंनी चिठ्ठीवर नुसत्या खुणा उतरवल्या, मध्ये शब्दांच्या जागा सोडून. मंगळवारी साबण कारखान्याचं इंग्रजी पत्रक आलं. त्यांनी चिठ्ठी शेजारी ठेवली. पहिल्या थापेपासून शेवटच्या टिंबापर्यंत सगळं जुळलं.

"काका, साबणाचं काम येणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"मला? मालकालाच आज सकाळी कळलं."

बुधवारी पुन्हा ठोके पडले, पण अगदी थोडे. थाप, एक शब्द, एक ठोका. दोन शब्द, दोन ठोके. पुन्हा थाप, तीन शब्द, दोन ठोके. संपलं. सहा शब्दांचं काम छापखान्यात कोण आणतं? बाईंनी चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली.

घरी चिमणीची बॅग भरून तयार होती. दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, तिची पहिली. "बस सकाळी आठची, पोचायला पाच वाजतील," ती म्हणाली. "पोचले की मेसेज करते. आणि आई, रडायचं नाही."

"मी कशाला रडतेय?" बाई म्हणाल्या. सकाळी बस वळणाआड गेल्यावर मात्र पदराने डोळे पुसून त्या कामावर आल्या.

गुरुवारी तीन कामं आली. चिठ्ठी एकाशीही जुळेना. पार्टिशनपलीकडे सकाळपासून चिडीचूप होतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. चिमणीचा मेसेज होता. बाईंचा चेहरा खुलला. लवकर पोचली वाटतं पोर.

Aai, mi pochle. Kalji karu nakos.

बाईंनी तो एकदा वाचला. सवयीने चूक शोधली. चूक नव्हती.

पहिलं अक्षर मोठं. एका शब्दानंतर स्वल्पविराम.

त्यांनी चष्म्याची डबी उघडली. चिठ्ठी मेसेजशेजारी ठेवली आणि एकेका खुणेवर बोट ठेवत त्या जुळवू लागल्या.

दोन शब्द, टिंब. मोठं अक्षर. तीन शब्द, टिंब.

त्यांनी मुलीचा नंबर लावला. रिंग गेली. एकदा. दोनदा. फोन उचलला गेला.

"चिमणे? अगं, कुठे आहेस? बोल ना, बाळा."

बसचा आवाज नव्हता. रस्त्याचा नव्हता. कुणाचा श्वाससुद्धा नव्हता.

"चिमणे, आई बोलतेय."

मग फोनमधून लाकडावर पेन्सिलीचा ठोका ऐकू आला. आणि दुसरा.