साइन थीटा शून्य असला तर

“अहो—जरा बाजूला व्हाल? माझ्या रेषेत उभ्या आहात!”

शालन दचकली. चोपन्न सालचा हिवाळा होता. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता, आणि तिपाईवरच्या दुर्बिणीआडून एक सावळा तरुण तिच्याकडे पाहत होता. तिथल्याच कचेरीत कारकून असलेल्या दादाचा डबा घेऊन ती निघाली होती.

“कोन मोजताय?” तिनं विचारलं. “टॅन्जंटनं उंची काढणार?”

त्यानं दुर्बिणीवरून मान वर केली. “तुम्हाला कसं कळलं?”

“घरून मॅट्रिकला बसतेय. कळत काहीच नाही… नुसती नावं पाठ आहेत.”

तो हसला. वाऱ्यानं उडणारा पदर तिनं सावरला, पण नजर काही तिला सावरता येईना.

त्याचं नाव हिंदुराव. कराडकडचा, जमीन मोजणीच्या कामावर आलेला. दादाशी त्याची ओळख होतीच. मग दर रविवारी तो चिंचवडला त्यांच्या घरी शिकवायला येऊ लागला. सुभद्रावहिनी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची आणि ओसरीवर बीजगणित चालायचं.

“एवढी लांबलचक राशी बघून घाबरायचं नाही,” तो म्हणायचा. “दोघांत समान काय ते शोधायचं. ते बाहेर काढलं की कंसात थोडंच उरतं.”

“आणि दोघांत समान काहीच नसेल तर?”

“असतं… नीट बघितलं की दिसतं.”

शालन पाटीवर मान घालायची. कानाच्या पाळ्या मात्र लाल व्हायच्या.

हळूहळू साइन-कोसाइनची गुंतागुंत तिच्या हातात सुटू लागली. पानभर पसरलेलं गणित शेवटी नुसतं ‘एक’ होऊन उरलं की ती टाळी वाजवायची, आणि तो गणिताकडे न बघता तिच्याकडे बघायचा. त्याच्या तोंडी ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. संक्रांतीला तिळगूळ घेताना तो हळूच म्हणाला, “ओव्हरसियरची परीक्षा झाली की दादांशी बोलतो.”

परीक्षा देऊन तो थेट त्यांच्याकडेच आला. सोबत मोजणीची साखळी ओढणारा कोंडाजी होता. दादाला त्यानं हौसेनं पेपरातलं एक गणित करून दाखवलं. दोन्ही बाजूंना साइन थीटा होता. त्यानं दोन्ही बाजूंना भागून तो उडवला, उत्तर काढलं, साठ अंश.

“पण साइन थीटा शून्य असला तर?” शालन बोलून गेली. “शून्यानं कसं भागायचं? थीटा शून्य हेही उत्तर आहे… ते हरवलं तुमचं.”

कोंडाजी खदखदून हसला. “राव, शिष्या गुरूच्या म्होरं गेली की!”

हिंदुरावही हसला. पण पाटी खाली ठेवताना तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. परीक्षेत तो पास झाल्याचं दादाकडून कळलं. शेवटी पवनेच्या घाटावर, धुणं घेऊन परतताना तीच त्याच्यासमोर उभी राहिली.

“आईनं गावाकडं मुलगी बघितलीय,” तो नदीकडे पाहत म्हणाला. “चौथी झालेली.”

“आणि तुम्ही?”

“मला घरी गेल्यावर परीक्षा नको, शालन.”

“एवढंसं बोलले मी… तेही खरं.”

“खरं होतं, म्हणूनच.”

तिच्या हातातली बादली जड झाली. “त्या दिवशी मी गप्प बसले असते तर?”

खोटं बोलला असता तरी चाललं असतं तिला…

“तर तुझ्याशीच लग्न केलं असतं,” तो म्हणाला.

‘यापुढे गप्प बसेन’, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले आणि घाट चढून गेली.

उन्हाळ्यात निकाल लागला. गणितात तिला तालुक्यातल्या मुलांहूनही जास्त गुण होते. दादानं पेढे आणले, पण वाटले बेतानंच.

दिवाळीनंतर भोसरीहून पाहुणे बघायला आले. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी कौतुकानं विचारलं, “मॅट्रिक झालीस म्हणे! आवडीचा विषय कोणता गं?”

वहिनीचा हात सुपारीच्या तबकावर थबकला. शालननं मान खाली घातली.

“शिवणकाम,” ती म्हणाली.

पाहुणे समाधानानं हसले. मुलगी पसंत पडली.